मुलगी ‘गॉथ’ झाली म्हणजे नेमकं काय झालं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सोळा वर्षांची मुलगी. गेले आठ-नऊ महिने काळ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लावत नाही. डोळ्यांभोवती जाड काजळ, काळे ओठ, गळ्यात पट्टा, खोलीच्या भिंतीवर वटवाघळं आणि कवट्या, कानात तिच्या जन्माच्या पंचवीस वर्षं आधीची इंग्रजी गाणी. विचारलं तर ‘मी गॉथ आहे’ एवढंच उत्तर. तिचे बाबा कपडे फेकून द्यायची भाषा करतायत, आत्याला यात सैतानपूजा दिसतेय आणि तुम्ही विचारताय की तरुण मुलांना या सगळ्याचं आकर्षण तरी का वाटावं. शिवाय शेवटी एक ओळ: ती केसांची एक बट जांभळी करायची म्हणतेय, करू द्यावी का?

मला वाटतं, तुम्हाला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. ‘माझी मुलगी आतून दुःखी आहे का आणि असेल तर ते मला वेळेत कळेल का?’ हा तो प्रश्न. बाकीचे प्रश्न म्हणजे त्याच्यावर चढवलेले कपडे. दोन्हींची उत्तरं देतो, पण वेगवेगळी. त्यांची गल्लत झाली की घरात भांडणं होतात आणि हाती काहीच लागत नाही.

वीसेक वर्षं मी वयात येणाऱ्या मुलांचं समुपदेशन करतोय. त्यात गॉथ म्हणवणारी मुलं-मुली बऱ्याच येऊन गेल्या आणि एकीचं कारण दुसरीला लागू पडलं असं क्वचितच झालं. हे कधी सुरू झालं, त्याआधी घरात किंवा शाळेत काय घडलं होतं, तिच्यासारखी मित्रमंडळी प्रत्यक्षात आहेत की फक्त पडद्यावर, यावर खूप काही ठरतं. तेव्हा खाली लिहिलंय ते तुमच्या मुलीला लावून बघा. जिथे बसणार नाही तिथे माझं सोडा, तिचं ऐका.

आधी एक गैरसमज काढू. हा आजकालच्या मोबाइलचा रोग नाही. 1970 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पंक संगीताचा जोर ओसरत होता, तेव्हा त्यातूनच काही मंडळी बाजूला झाली. पंकमध्ये राग होता, यांनी तो राग आत वळवला. गाणी संथ झाली, बेस गिटार पुढे आली, आवाज गुहेतून आल्यासारखा घुमू लागला. 1979 साली बाउहाउस नावाच्या बँडने जुन्या सिनेमातला ड्रॅक्युला साकारणाऱ्या बेला लुगोसी या नटाच्या मरणावर नऊ मिनिटांहून लांब गाणं काढलं. गॉथची सुरुवात बरेच जण तिथून मोजतात. 1982 मध्ये लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’ नावाचा क्लब निघाला आणि कपडे, केस, काजळ या सगळ्याला एक घर मिळालं. सूझी सू या गायिकेच्या डोळ्यांचं ते टोकदार काजळ आज तुमच्या मुलीच्या डोळ्यांत आहे. तेव्हाची सोळा वर्षांची पोरं आज साठीला आलीत आणि त्यातली काही अजूनही काळे कपडे घालतात. जर्मनीत लाइपझिगला 1992 पासून भरणाऱ्या मेळ्याला वीसेक हजार माणसं जमतात. त्यात आजी-आजोबा असतात, बाबागाडीतली पोरंही असतात.

हे सांगायचं कारण, पालकांना वाटतं की मूल कुठल्यातरी काळ्या भोकात पडतंय. प्रत्यक्षात ते एका बऱ्यापैकी जुन्या, बऱ्यापैकी पुस्तकी आणि (हे ऐकून तिला राग येईल) बऱ्यापैकी सभ्य मंडळात शिरत असतं.

मंडळाच्या नावाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. गॉथ ही मुळात टोळी. त्यांनी 410 साली रोम लुटलं. पुढे हजारेक वर्षांनी इटलीतल्या विद्वानांनी टोकदार कमानींच्या जुन्या चर्चेसना हिणवण्यासाठी ‘गॉथिक’ म्हणायला सुरुवात केली. गॉथिक म्हणजे रानटी, अडाणी. मग अठराव्या शतकात पडके किल्ले, तळघरं, भुतं अशा कादंबऱ्या निघाल्या आणि लेखकांनी तोच शब्द आपणहून मुखपृष्ठावर घेतला. म्हणजे ही मूळची शिवी आणि ज्यांना ती दिली त्यांच्या वारसदारांनी तिचाच दागिना केला. शाळेत ‘विचित्र’ म्हणून चिडवलेल्या मुलाला हे न सांगताही समजतं. तुम्ही मला विचित्र म्हणता ना? बघा मग, मी किती नीटनेटका विचित्र आहे!

आता आकर्षणाचं मूळ. माझ्या मते पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे इथे उदास असायची मुभा मिळते.

सोळाव्या वर्षी माणसाचं बरंच काही जातं. बालपण जातं, आईबाप सगळं जाणतात हा विश्वास जातो, जिवलग मैत्रीण दुसऱ्या वर्गात जाऊन ओळख दाखवेनाशी होते. आपण एक दिवस मरणार हे याच वयात पहिल्यांदा खरंखुरं कळतं, ऐकीव राहत नाही. मेरी शेलीने मेलेल्या अवयवांतून माणूस घडवणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. वयच ते असतं. आणि नेमकं याच वयात सगळे सांगत असतात, हसत राहा, सकारात्मक राहा, तुझ्या वयात कसलं आलंय दुःख! फोटोतसुद्धा हसायचं. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, ये, इथे हसायची सक्ती नाही, इथे दुःखावर गाणी आहेत आणि ती सुंदर आहेत. मग मूल तिथे जाऊन बसतं.

एक मुलगी माझ्याकडे आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). वडील वारले तेव्हा ती चौदाची होती. सगळ्यांनी तिला सांगितलं, ‘आता आईला तूच सांभाळायचंस, रडायचं नाही.’ ती रडली नाही. सहा महिन्यांनी काळे कपडे सुरू झाले आणि घरच्यांनी तिला माझ्याकडे आणलं. तिने मला एकच वाक्य सांगितलं: ‘काळे कपडे घातले की कुणी मला आनंदी समजत नाही, मग मला अभिनय करावा लागत नाही.’ गॉथ मुलं ज्या काळातले कपडे उसने घेतात तिथे हे उघडपणे होतं. नवरा 1861 मध्ये गेल्यावर राणी व्हिक्टोरियाने 1901 मध्ये स्वतः मरेपर्यंत, चाळीस वर्षं, काळेच कपडे घातले. तेव्हा शोकाचे वेगळे दागिने असत, इंग्लंडमधल्या व्हिटबी गावाजवळ सापडणाऱ्या जेट नावाच्या काळ्या, दगडासारख्या पदार्थाचे. हे दागिने बघून समोरच्याला कळायचं की या बाईशी जरा हळू बोलावं. त्या मुलीला तेवढंच हवं होतं. गंमत म्हणजे त्याच व्हिटबीत 1994 पासून गॉथ मंडळी जमू लागली. ड्रॅक्युलाच्या कादंबरीतला बराच भाग तिथे घडतो, हे त्याचं मुख्य कारण, पण जेटचे दागिने तिथे आजही विकले जातात.

दुसरं कारण पालकांच्या नजरेतून हमखास सुटतं. गॉथ व्हायला कष्ट पडतात. तयार माल अंगावर चढवून भागत नाही. जुना कोट उसवून पुन्हा शिवायचा, लेस लावायची, काजळाची रेघ दोन्ही डोळ्यांना सारखी येईपर्यंत पुसून पुन्हा काढायची, कुठला बँड खरा गॉथ आणि कुठला नाही यावर तासन्‌तास वाद घालायचा. एक मुलगा आठवतो. अभ्यासात यथातथा, खेळात शून्य. त्याने स्वतःसाठी शिवलेला कोट घालून तो आला होता. अस्तरासकट! मी त्याला शिवणाबद्दल विचारलं आणि पाऊण तास तो बोलत राहिला. त्याआधीच्या तीन भेटींत मिळून दहा वाक्यं झाली नव्हती. त्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी चांगलं जमत होतं आणि घरात त्यावर फक्त एकच चर्चा होती, रंग काळा का?

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते. वयात आल्यावर आपल्याकडे बघणाऱ्या नजरा बदलतात, हे मुलीला कुणी सांगावं लागत नाही. ‘बघतातच आहेत, तर मी ठरवीन ते बघू देत’ हा त्यावरचा एक तोडगा आहे. काळे ओठ आणि खिळ्यांचा पट्टा यांत थोडं चिलखत असतं. मुलांचं याच्या उलट. इथे मुलाने काजळ घातलं, लेसचा शर्ट घातला, हळवं बोललं तर कुणी टिंगल करत नाही. अशी जागा मुलांना बाहेर फारशी मिळत नाही.

आणि अर्थात, काहींना ते नुसतं आवडतं. दिसायला छान दिसतं, गाणी छान आहेत, झालं! माझ्या धंद्यातल्या लोकांना प्रत्येक गोष्टीमागे जखम शोधायची खोड असते. मलाही आहे. पण कुणाला निळा आवडतो तेव्हा आपण कारण विचारत नाही.

‘आपल्याला चिडवण्यासाठी करते’ असं तिचे बाबा म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. थोडंफार असेलही, त्या वयाचा तो हक्कच आहे. पण माझा अनुभव सांगतो की तो पोशाख आईबापांना उद्देशून लिहिलेलं पत्र क्वचितच असतं. पत्ता दुसऱ्याच कुणाचा असतो: गर्दीत कुठेतरी उभ्या असलेल्या तिच्यासारख्या दुसऱ्या पोराचा. आपण मधल्यामध्ये ते फोडून वाचतो आणि मजकूर आपल्याबद्दलच आहे असं धरून बसतो.

सैतानाचं थोडक्यात उरकतो. गॉथ हा धर्म नाही. त्यात आस्तिक, नास्तिक, सगळे असतात. क्रूस, कवट्या, वटवाघळं ही जुन्या भयकथांतून उचललेली सजावट आहे. हिंसेचा शिक्का बसला तो अमेरिकेत 1999 साली कोलंबाइन शाळेत झालेल्या गोळीबारानंतर. मारेकरी गॉथ होते असं माध्यमांनी आधी उठवलं आणि ते खरं नव्हतं हे पुढे स्पष्ट झालं, पण तोवर शिक्का बसून गेला होता. त्या घबराटीत 2002 साली मिसुरी राज्यातल्या ब्लू स्प्रिंग्ज गावाला गॉथ संस्कृतीशी लढण्यासाठी 2,73,000 डॉलरचा सरकारी निधी मिळाला. दोन वर्षांनी त्यातली जवळपास निम्मी रक्कम परत करावी लागली, कारण लढण्याजोगं काही सापडलंच नाही.

उलट मार खायची वेळ येते ती यांच्यावर. इंग्लंडमध्ये बेकप गावातल्या बागेत 2007 मध्ये सोफी लँकेस्टर या वीस वर्षांच्या मुलीला आणि तिच्या मित्राला काही पोरांनी बेदम मारलं. कारण एवढंच, की ते वेगळे दिसत होते. सोफी त्यात गेली. पुढे 2013 मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा हल्ल्यांची नोंद द्वेषातून झालेले गुन्हे म्हणून करायला सुरुवात केली. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण तुमच्या मुलीला बाहेर काय ऐकावं लागतं, हे तिला कधी विचारलंय का? नसेल तर बाकी सगळ्याच्या आधी ते विचारा.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही कुठेतरी वाचलंत की गॉथ मुलांमध्ये नैराश्य जास्त असतं. ते खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या 3,694 मुलांचा एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. पंधराव्या वर्षी जी मुलं स्वतःला ठामपणे गॉथ समजत होती, त्यांच्यात अठराव्या वर्षी नैराश्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट आणि स्वतःला इजा करण्याचं सुमारे पाचपट निघालं. आकडे वाचून पोटात गोळा येतो, मान्य. पण दोन गोष्टी सोबत ठेवून वाचा. ठाम गॉथ मुलांपैकी नैराश्य आढळलं ते शंभरात साधारण 18 जणांत. म्हणजे उरलेल्या 82 जणांत नाही. आणि काळ्या कपड्यांनी नैराश्य आणलं असं संशोधकांनी म्हटलेलं नाही. आधीच एकटी पडलेली, चिडवलेली, मनाने खचलेली मुलं अशा गटाकडे जास्त वळत असण्याची शक्यता त्यांनीच मांडली. गटात सगळेच दुःखी असले तर एकमेकांमुळे ते वाढूही शकतं, ही शक्यताही उरतेच. दवाखान्यात आजारी माणसं जास्त दिसतात, म्हणून कुणी दवाखाना बंद करत नाही. पण तिथे एकमेकांची लागणही होऊ शकते, हेही विसरत नाही.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका आईबापांना मी सल्ला दिला होता, ‘हळूहळू ते कपडे कमी करा, रंगीत आणा, वातावरण बदलेल.’ त्यांनी मुलगी बाहेर गेलेली असताना कपाटच रिकामं केलं. मुलगी पुढे महिनाभर निमूटपणे पांढरे-गुलाबी कपडे घालून माझ्यासमोर बसली. आईबाप खूश होते. मीही, खरं सांगायचं तर, थोडा खूश होतो. नंतर कळलं की तिला इजा करून घ्यायची सवय कपडे जाण्याच्या आधीपासून होती आणि कपडे गेल्यावर ती वाढली. तिचे जे दोन मित्र होते त्यांच्याकडे जायची तिला लाज वाटू लागली होती. आम्ही धूर दिसणारी खिडकी लावून घेतली आणि आग विझली असं समजलो.

म्हणून, ताई, इथपर्यंतचं एवढं हाताशी ठेवा: पोशाख हे आजाराचं लक्षण नाही आणि आजार नसल्याचा पुरावाही नाही. त्याच्याकडे बघून काहीच कळत नाही. बघायचं ते इतरत्र.

झोप बघा. रात्रभर जागते का, की दिवसभर उठतच नाही? जेवण बघा. ज्यात जीव रमत होता ते सोडलं का? आणि यात गॉथपणाही धरा. गाणी ऐकणं, शिवणं, चित्रं काढणं चालू असेल तर मी निम्मा निश्चिंत होतो. ज्या दिवशी काजळ घालायचाही कंटाळा येऊ लागेल आणि भिंतीवरची वटवाघळं अर्धवट राहतील, त्या दिवशी मी जास्त काळजी करीन. पालकांना मात्र नेमकं तेव्हा हायसं वाटतं! मित्र आहेत का बघा, निदान एक तरी. उकाड्यातसुद्धा लांब बाह्या सोडत नसेल तर ती फॅशन असू शकते आणि नसूही शकते. चोरून हात बघू नका, विचारा. आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकणं, ‘मी नसले तर बरं होईल’ अशा अर्थाचं बोलणं, स्वतःला इजा केल्याच्या खुणा, यांपैकी काहीही दिसलं तर माझ्यासारख्यांचं लिहिलेलं वाचत बसू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा आणि तोवर तिला एकटं ठेवू नका.

विचारायचं कसं, इथे बहुतेक जण अडतात. मरणाचा विचार येतो का असं विचारलं तर डोक्यात नसलेला विचार आपणच घालू, ही भीती असते. तसं होत नाही. सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, बहुतेकदा मुलाला सुटल्यासारखं वाटतं. फक्त कपड्यांच्या भांडणात विचारू नका. समोरासमोर बसवून, डोळ्यांत डोळे घालूनही नको. भाजी निवडताना, प्रवासात, शेजारी-शेजारी असताना विचारा. ‘तू हल्ली खूप थकलेली दिसतेस. कधी इतकं नकोसं होतं का, की जगूच नये असं वाटतं?’ आणि मग गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे. ती ‘नाही, आई, काहीतरीच काय’ म्हणाली तर विश्वास ठेवा, आणि महिन्याभराने पुन्हा विचारा.

त्याच्याही आधी एक सोपं काम आहे. तिला सांगा, तुझं सगळ्यात आवडतं गाणं मला ऐकव. ऐकताना तोंड वाकडं करू नका, आणि उगाच ‘मस्त आहे गं’ असंही म्हणू नका. मुलांना खोटं स्तुतिपर बोलणं लगेच कळतं. ‘मला हे फारच संथ वाटलं, तुला यात काय आवडतं?’ असं प्रामाणिकपणे विचारलंत तरी पुरे. ती कदाचित अर्धा तास बोलेल. त्या अर्ध्या तासात तुम्हाला माझ्या या उत्तरापेक्षा जास्त कळेल.

तिच्या बाबांना माझा निरोप द्या: कपडे फेकू नका. शाळेचा गणवेश, घरातलं एखादं कार्य, अशा ठिकाणी काय घालायचं यावर तिच्याशी बोलून तडजोड करा. तडजोड मुलं करतात, गॉथ मुलं तर वाटाघाटीत पक्की असतात. बाकी वेळी तिचं अंग, तिचे कपडे.

राहिली जांभळी बट. माझा साधा हिशोब आहे: धुऊन जाणारं, वाढून जाणारं आणि न जाणारं. काजळ, लिपस्टिक, नखांचा रंग धुऊन जातो, त्यावर वाद नको. गोंदण जात नाही, त्याला अठरा वर्षांपर्यंत थांब म्हणा आणि ठाम राहा. केस वाढून जातात, म्हणून करू द्या. फक्त काळ्याभोर केसांवर जांभळा थेट चढत नाही, आधी ती बट ब्लीच करावी लागते आणि ते रसायन टाळूला भाजू शकतं. दोन दिवस आधी रंगाचा ठिपका कानामागे लावून खाज-पुरळ येत नाही ना, हे बघा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. आणि तिला एकटीला करू देऊ नका, हातमोजे घालून तुम्हीच शेजारी उभ्या राहा. मागच्या बाजूची बट असेल तर ती तिची तिला आरशात दिसत नाही.